झाडावरच्या डेकॉयजवळ येऊन वुडपिजन वळतात: दोष कुठे आणि कसा शोधावा

तक्रार बहुधा एकाच स्वरूपाची असते. शेताच्या कडेच्या झाडावर चार डेकॉय (पक्ष्यांना बोलावण्यासाठी ठेवलेली नकली कबुतरे) चढवले, खाली रेपच्या (मोहरीच्या कुळातल्या तेलबियांच्या) पिकात दहा-बारा मांडले, आडोसा नीट उभारला, आणि तरीही वुडपिजन ही रानकबुतरे लांबून सरळ येतात, झाडाच्या अलीकडे कुठेतरी बिचकतात, एक गिरकी घेतात आणि बंदुकीच्या टप्प्याबाहेरच्या दुसऱ्याच झाडावर जाऊन बसतात. पुढच्या शनिवारी डेकॉय बदलले जातात, त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांची संख्या दुप्पट होते, आणि पक्षी मात्र त्याच जागी वळत राहतात. इंग्लंडमध्ये लिंकनशायरमधल्या एका शेतावर मी दोन हिवाळे नेमके हेच केले. तिसऱ्या हिवाळ्यात एक सकाळ बंदूक घरीच ठेवून केवळ दुर्बीण घेऊन बसलो, तेव्हा लक्षात आले की आपण उलट्या टोकाने सुरुवात करत होतो. डेकॉयमध्ये काय बिघडले आहे, हे नंतर पाहावे. पक्षी नेमका किती अंतरावरून वळला, हे आधी पाहावे. ते अंतर कळले की दोष कोणाचा, हे बहुतेक वेळा आपोआप कळते.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडी ओळख देतो. वुडपिजन हा आपल्या पारव्यापेक्षा बराच मोठा पक्षी आहे: लांबी ४० सेंटिमीटरच्या आसपास, वजन साधारण अर्धा किलो, मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा डाग आणि उडताना पंखावर ठळक दिसणारा पांढरा पट्टा. पिल्लांच्या मानेवर पहिले काही महिने तो डाग नसतो. ब्रिटनमध्ये या पक्ष्याच्या सुमारे ५० लाख जोड्या घरटी करतात, आणि हिवाळ्यात रेप, कोबी, फ्लॉवर यांवर त्यांचे थवे उतरले की कोवळ्या पानांच्या नुसत्या शिरा उरतात. शेतकरी गॅसच्या तोफा लावतात, पतंग उडवतात, बुजगावणी उभी करतात. पाखरे दोन-चार दिवस दचकतात आणि मग बुजगावण्याच्या सावलीत चरू लागतात. सोलापूरकडे माझे काका ज्वारी हुरड्यात आली की मचाणावर बसून गोफण फिरवत असत, त्यामुळे या शेतकऱ्यांचा वैताग मला समजावून सांगावा लागला नाही.

कायद्याविषयी एकदाच, परंतु स्पष्ट. इंग्लंडमध्ये वुडपिजनला १९८१च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टचे संरक्षण आहे. तो मारता येतो तो जनरल लायसन्सच्या (सर्वांसाठी दिलेल्या सरसकट परवान्याच्या) अटींवर, पिकाचे गंभीर नुकसान टाळण्यासाठी. त्यासाठीचे सध्याचे लायसन्स जीएल४२ या क्रमांकाचे आहे, आणि स्कॉटलंड व वेल्सची लायसन्से वेगळी आहेत. हे लायसन्स अर्ज न करता लागू होते, म्हणून अनेक जण ते वाचतही नाहीत. २०१९च्या एप्रिलमध्ये नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने त्या वेळची लायसन्से मागे घेतली तेव्हा आपण आजवर कशाच्या आधारावर बंदूक चालवत होतो, हे कित्येकांना पहिल्यांदा कळले. आपण कोणते पीक वाचवत आहोत आणि हुसकावण्याचे कोणते उपाय करून झाले आहेत, हे सांगता आले पाहिजे. निव्वळ शौक म्हणून हे लायसन्स वापरता येत नाही. शिवाय झाडावरचे डेकॉय काम देईनासे झाले की मोबाइलवर कबुतराचा आवाज लावून पाहा, असा सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच. पक्षी मारण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाजाचा किंवा बांधलेल्या जिवंत पक्ष्याचा आमिष म्हणून उपयोग करणे याच कायद्याने गुन्हा आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांच्या शिकारीला बंदी आहे, तेव्हा या लेखातले काहीही सुट्टीत गावी जाऊन करून पाहण्याजोगे नाही.

आता डेकॉय झाडावर का चढवायचे, हे थोडक्यात पाहू, कारण हेतू विसरला की पुढचे निदान चुकते. वुडपिजन पिकात थेट क्वचितच उतरतो. आधी तो शेताच्या कडेच्या एखाद्या उंच, वरून उघड्या झाडावर बसतो, दहा-पंधरा मिनिटे चहूकडे पाहतो, आणि मग खाली येतो. त्याची झाडे ठरलेली असतात. एका शेताभोवती वीस झाडे असली तरी तो त्यांतल्या तीन-चारांवरच बसतो. अशा झाडावर आपलेच चार भाईबंद निवांत बसलेले लांबून दिसले की येणाऱ्याची खात्री पटते. उन्हाळ्यात पीक उंच असते आणि जमिनीवरचे डेकॉय त्यात बुडून जातात, तेव्हा तर झाडावरचे डेकॉय हीच एक दिसणारी खूण उरते. फेब्रुवारीत, फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १ तारखेला संपल्यावर, रातथाऱ्याच्या झाडीत दुपारनंतर बसणाऱ्यांनाही त्यांचाच आधार असतो. म्हणजे झाडावरच्या डेकॉयची दोन वेगळी कामे आहेत: शेतावर ते लांबून बोलावतात आणि रातथाऱ्यावर ते बसायची जागा दाखवतात. पहिल्या कामासाठी केलेली मांडणी दुसऱ्या कामाला चालत नाही, आणि बऱ्याच तक्रारींचे मूळ इथेच असते.

दीडशे मीटरवरून किंवा त्याहून लांबून वळतात

पक्षी इतक्या लांबून वाट बदलत असेल किंवा झाडाकडे न पाहताच पुढे जात असेल, तर डेकॉय निर्दोष आहेत. झाड चुकले आहे. आपण झाड निवडतो ते आपल्या सोयीने, म्हणजे गाडी जवळ लावता येते, खाली कुंपणाची दाट झाडी आहे, काठी सहज पोहोचते. वुडपिजन झाड निवडतो ते वारा, नजर आणि पळवाट पाहून. यावर एकच खात्रीचा उपाय मला ठाऊक आहे: बंदुकीशिवाय एक सकाळ तिथे घालवावी आणि खरे पक्षी कोणत्या झाडाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या फांदीवर बसतात हे कागदावर टिपावे. झाडाखालची विष्ठा आणि पिसे पाहिली तरी अर्धे काम होते. माझ्या शेतावर मी ज्या सुरेख ओकवर दोन वर्षे डेकॉय लावत होतो, त्याच्या बुंध्याशी विष्ठेचा एक थेंब नव्हता; ८० मीटर पलीकडच्या, शेंडा वाळलेल्या एका बेढब ॲशखाली मात्र जमीन पांढरी झाली होती. हे पाहायला मला दोन वर्षे का लागली, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

वाऱ्याची दिशा बदलली की झाडही बदलते, हे मात्र ध्यानात ठेवावे. पश्चिमेच्या वाऱ्यात लाडके असलेले झाड पूर्वेच्या वाऱ्यात ओस पडू शकते, म्हणून टिपणात तारखेबरोबर वाराही लिहावा. ससाणा किंवा बझर्ड हा शिकारी पक्षी त्या बाजूला फिरत असेल तर सगळेच हिशेब त्या दिवसापुरते रद्द समजावेत. बझर्ड कधी कधी डेकॉयवरच झडप घालतो, तो तमाशा पाहण्यासारखा असला तरी त्यानंतर तासभर काही येत नाही.

पन्नास ते सत्तर मीटरवरून वळतात

सर्वाधिक तक्रारी या अंतराच्या असतात, आणि डेकॉयचा स्वतःचा दोष असतो तो इथेच. पक्षी विश्वासाने आला, त्याने झाडावरचे भाईबंद पाहिले, आणि जवळ येताच त्याला काहीतरी खटकले. ते काय असेल, याचा शोध मी पुढील क्रमाने घेतो, कारण अनुभवाने याच क्रमाने दोष सापडत गेले आहेत.

सर्वांत आधी तोंडे पाहावीत. झाडावर बसलेला वुडपिजन वाऱ्याकडे तोंड करून बसतो. तसे न केल्यास वारा त्याच्या पिसांत मागून शिरतो. सकाळी लावलेले डेकॉय सकाळच्या वाऱ्याप्रमाणे बरोबर असतात, आणि अकराच्या सुमारास वारा फिरला की चारही जण आडवे किंवा पाठमोरे दिसू लागतात. जमिनीवरचे डेकॉय आपण उठून फिरवतो. झाडावरचे फिरवायचा कंटाळा येतो. सकाळी पक्षी छान आले आणि दुपारी येईनासे झाले, असे कोणी सांगितले की मी पहिल्यांदा वाराच विचारतो.

दुसरा दोष फिरण्याचा. फांदीवरून दोरी टाकून तिला डेकॉय लटकवला, की तो एकाच बिंदूवर टांगलेला असतो आणि झुळुकीबरोबर गर्रकन फिरतो. पक्षी फांदीवर झुलतो, मान वळवतो, शेपूट सावरतो. परंतु स्वतःभोवती भोवऱ्यासारखा फिरत नाही. आडोशात बसून आपल्याला ही हालचाल जिवंतपणाची वाटते आणि आपण खूश होतो. उपाय असा की डेकॉयला पाठीवर एक आणि पोटाखाली एक अशा दोन ठिकाणी बांधावे: वरची दोरी फांदीवरून जाते, खालची दोरी बुंध्याला किंवा मेखेला ताणून बांधली जाते, आणि तिच्या बांधण्याच्या जागेवरून तोंडाची दिशा ठरते. जोडकाठीवर (तुकडे जोडून उंच केलेल्या काठीवर) बसवलेल्या डेकॉयमध्ये हा त्रास बराच कमी असतो. तिथे काठी आणि डेकॉय यांच्यातला सांधा सैल झाला आहे का, एवढे पाहावे.

तिसरा दोष चकाकीचा, आणि त्याचा प्रत्यय मला जानेवारीतल्या एका सकाळी आला. सूर्य जेमतेम कुंपणाच्या वर आला होता, रात्रीचे दहिवर वितळत होते. मी आडोशातून उठून, पक्षी ज्या दिशेने येत होते त्या बाजूला साठेक पावले गेलो आणि मागे वळून पाहिले. झाडावरचे तीन डेकॉय करडे दिसत होते आणि चौथ्याची ओली पाठ स्टीलच्या ताटासारखी लखलखत होती. आडोशातून तो चौथाही करडाच दिसत होता. तेव्हापासून मांडणी झाली की मी पक्ष्याच्या वाटेवर जाऊन एकदा उलटून पाहतो. चकाकणारा डेकॉय काढून पुसावा, शक्य असल्यास अंगावर मखमली लेप असलेले डेकॉय वापरावेत, आणि गुळगुळीत प्लॅस्टिकचे असतील तर त्यांना चमक नसलेला रंग द्यावा. धुताना साधे पाणी पुरे. कबुतराला आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही दिसतात, त्यामुळे कपड्यांना उजळपणा देणारी पावडर डेकॉयच्या अंगाला लावणे मी टाळतो.

चौथा दोष पोकळ पोटाचा. जमिनीवर मांडण्यासाठी मिळणारे अर्ध्या शरीराचे, वरून कबूतर आणि खालून द्रोण असलेले डेकॉय हलके असतात, म्हणून काही जण तेच झाडावर चढवतात. शेतावरून खालून वर येणाऱ्या पक्ष्याला त्यांचे पोकळ पोट आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळ्या भोकासारखे दिसते. झाडावर पूर्ण शरीराचाच डेकॉय हवा. त्याच्या मानेवरचा पांढरा डाग बनवणाऱ्याने फार उदारपणे रंगवला असेल तर करड्या रंगाने थोडा कमी करावा, तथापि या बाबतीत मी फार काटेकोर नाही. जागा आणि तोंड बरोबर असेल तर डाग सहसा आडवा येत नाही.

राहिला संख्येचा आणि उंचीचा प्रश्न. झाडावर तीन पुरतात, पाच खूप झाले. एका फांदीवर एकाच उंचीवर ओळीने बसवलेले आठ डेकॉय म्हणजे दोरीत ओवलेले मणी. वुडपिजन असे बसत नाहीत, ते वेगवेगळ्या फांद्यांवर हातभर तरी अंतर सोडून बसतात. सगळ्यांत वरचा डेकॉय शेंड्याच्या किंचित वर, मागे मोकळे आकाश येईल असा असावा. फांद्यांच्या गर्दीत किंवा आयव्हीच्या वेलीत लपलेला डेकॉय लांबून दिसत नाही, आणि जवळ आल्यावर अचानक दिसतो. अचानक दिसणाऱ्या कोणत्याही गोष्टीने हा पक्षी बिचकतो.

तीस-चाळीस मीटरवरून वळतात

इतक्या जवळ आलेला पक्षी डेकॉयला फसलेला असतो. आता त्याने तुम्हाला पाहिले आहे. कबुतराचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला मान न वळवता जवळजवळ चहूकडचे दिसते, आणि माणसाचा उघडा चेहरा त्याला फार लांबून ओळखू येतो.

झाडावर डेकॉय लावले की आडोशाचे नियम थोडे बदलतात, आणि ही गोष्ट कोणी सांगत नाही. जमिनीवरच्या मांडणीकडे येणारा पक्षी शेवटी खाली उतरत येतो, म्हणून समोरून छातीपर्यंत जाळी असली की भागते. झाडावरच्या डेकॉयकडे येणारा पक्षी मात्र वरच राहतो आणि आडोशात थेट वरून डोकावतो. उघड्या छताच्या आडोशात बसलेला माणूस त्याला विहिरीतल्या बेडकासारखा स्वच्छ दिसतो. तेव्हा डोक्यावर जाळी किंवा फांद्या हव्यात, चेहऱ्यावर कापड हवे, हातमोजे हवेत, आणि झाडलेल्या काडतुसांच्या पितळी बुडांची रास पायाशी ठेवण्याऐवजी पिशवीत टाकावी. कुत्रा बरोबर असेल तर त्यालाही छप्पर हवे.

आडोसा ज्या झाडावर डेकॉय आहेत त्याच्या बुंध्याशी करू नये. सगळ्या पक्ष्यांची नजर त्या झाडावर खिळलेली असते. त्याच चौकटीत आपणही बसलो तर दिसणारच. झाडापासून वीस-पंचवीस मीटर बाजूला, आणि शक्यतो वारा आपल्या एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्याकडे जाईल असे बसावे. पाठीवर वारा घेण्याचा नियम जमिनीवरच्या मांडणीसाठी उत्तम आहे; झाडाच्या बाबतीत मात्र वाऱ्याविरुद्ध येणारा पक्षी मग तोंडासमोरच येतो आणि तुमच्याकडे पाहतच येतो. आडव्या वाऱ्यात तो समोरून बाजूने जातो आणि त्याचे लक्ष डेकॉयवर राहते.

येतात, पण झाडावरच बसून राहतात

ही तक्रार वरच्या तिन्हींच्या उलट आहे. डेकॉय इतके चांगले लागले आहेत की पक्षी त्यांच्याशेजारी येऊन बसतात, खाली उतरतच नाहीत, आणि झाड टप्प्याबाहेर असते. यात दोष मांडणीचा आहे आणि तो साध्या भूमितीने सुटतो. समजा झाड २० मीटर उंच आहे आणि आडोसा त्याच्या बुंध्यापासून ३० मीटरवर आहे. जमिनीवर पावलांनी मोजले तर आपण टप्प्यात आहोत असे वाटते. प्रत्यक्षात शेंड्यावरचा पक्षी तिरप्या रेषेत ३६ मीटरवर असतो, आणि बारा बोअरच्या बंदुकीने खात्रीने, पक्षी जखमी होऊन न निसटता पडावा असे म्हटले तर माझी मर्यादा ३५ मीटर आहे. तेच झाड १५ मीटरचे आणि आडोसा २० मीटरवर असेल तर अंतर २५ मीटर भरते. वर पाहताना अंतराचा अंदाज फसतो, कारण आकाशात मोजायला काही खूण नसते. जखमी पक्षी शेजारच्या रानात जाऊन पडणे ही यातली सर्वांत वाईट गोष्ट आहे. शंका असेल तेव्हा बंदूक खालीच ठेवावी.

शेतावर बसत असाल तर उपाय असा: डेकॉयचे झाड आडोशाच्या मागे किंवा बाजूला असे निवडावे की झाडाकडे येणारा पक्षी जमिनीवरच्या मांडणीवरून पुढे जाईल. जमिनीवर घोड्याच्या नालेच्या आकारात डेकॉय मांडून मध्ये मोकळी जागा ठेवलेली असते, ती त्याच्या वाटेत यावी. झाडावरचे डेकॉय तीनांवरून दोनांवर आणल्यानेही बसणारे कमी होऊन उतरणारे वाढल्याचे मी पाहिले आहे. रातथाऱ्यावर मात्र झाड हेच मुक्काम असल्याने ते टप्प्यात असलेच पाहिजे, आणि म्हणून तिथे सगळ्यांत उंच झाडाचा मोह सोडून मध्यम उंचीचे, आसपासच्या झाडांपेक्षा थोडे पुढे आलेले झाड घ्यावे. जोडकाठ्यांची मर्यादा इथे उपयोगी पडते: दीड-दीड मीटरचे चार-पाच तुकडे जोडून ६ ते साडेसात मीटर उंची मिळते, आणि तेवढ्यात बसणारे झाड बहुधा टप्प्यातलेच असते.

चढवण्याच्या अडचणी

जिथे काठी पोहोचत नाही तिथे दोरी टाकावी लागते. गलोलीने एक लहान वजन बारीक तंगुसासकट फांदीवरून पलीकडे टाकायचे, तंगुसाने जाड दोरी ओढून घ्यायची आणि त्या दोरीने डेकॉय वर चढवायचा. काकांची आठवण काढून मी हे एकदा गोफणीने करून पाहिले. वजन झाडावरून गेले, कुंपणावरूनही गेले आणि तंगूस आयव्हीत असे गुंतले की सकाळ त्यातच गेली. गोफण आडव्या पल्ल्यासाठी आहे, गलोल उभ्यासाठी. दोरी चढवताना अडकत असेल तर फांदीच्या बेचक्यात न टाकता बेचक्यापासून वीतभर बाहेर, गुळगुळीत भागावर टाकावी, आणि गाठ लहान ठेवावी.

झाडावर स्वतः चढू नये. ॲशच्या बाबतीत तर अजिबात नाही: २०१२मध्ये ब्रिटनमध्ये ॲश डायबॅक या बुरशीजन्य रोगाची नोंद झाल्यापासून देशभर ही झाडे वाळत चालली आहेत, आणि रोगट ॲशचे लाकूड इतके ठिसूळ होते की दोरीला जोराचा हिसका दिला तरी फांदी डोक्यावर येऊ शकते. गंमत अशी की वुडपिजनला नेमके हेच वाळक्या शेंड्याचे झाड आवडते. दोरी ओढताना बुंध्याखाली उभे न राहता बाजूला उभे राहावे.

विजेच्या तारांविषयी मी कोणाशीही वाद घालत नाही. शेतांतून लाकडी खांबांवर जाणाऱ्या तारा टेलिफोनच्या वाटतात. त्यांतल्या पुष्कळशा ११,००० व्होल्टच्या असतात. ॲल्युमिनियमची काठी वीज वाहून नेते, कार्बन फायबरचीही नेते, ओली लाकडी काठीही पुरेशी आहे, आणि वीज उडी मारून येत असल्याने तारेला स्पर्श व्हावा लागतोच असे नाही. काठी उभी करताना ती कोणत्याही बाजूला आडवी झाली तरी तारेच्या जवळपास पोहोचणार नाही, एवढी मोकळी जागा नसेल तर ते झाड सोडून द्यावे. त्याचप्रमाणे सार्वजनिक पायवाट, घोड्यांची वाट आणि शेजारच्या शेतातली माणसे कुठे आहेत हे आडोसा उभारण्यापूर्वी पाहावे. झाडातल्या पक्ष्यावर कमी उंचीच्या कोनात झाडलेले छर्रे फांद्यांना लागून कुठेही जातात. मागे आकाश असेल तेव्हाच बार काढावा. स्टॉक डव्ह हे लहान चणीचे, मानेवर पांढरा डाग नसलेले कबूतर वुडपिजनच्या थव्यात हमखास असते आणि त्याला मारण्यास बंदी आहे. झाडावरच्या डेकॉयशेजारी तेही निवांत येऊन बसते. ऑगस्ट-सप्टेंबरात वुडपिजनच्या पिल्लांनाही डाग नसतो, तेव्हा पंखावरचा पांढरा पट्टा दिसेपर्यंत थांबावे.

काहीच दोष सापडत नाही

वरचे सगळे तपासूनही पक्षी येत नसतील, तर आधी वारा आहे का ते पाहावे. निवांत, धुके धरलेल्या दिवशी वुडपिजन उंचावरून येतात, उंच बसतात आणि सगळीकडून सगळे पाहतात. जोराच्या वाऱ्यात ते खाली, कुंपणाच्या आधाराने येतात आणि त्यांना फार बारकाईने पाहायला सवड नसते. वारा नसलेल्या दिवशी डेकॉयशी खेळत बसण्यापेक्षा घरी जावे. दुसरे कारण म्हणजे त्याच आडोशातून लागोपाठ तीन-चार आठवडे बार झाले असणे. एकदा फसून निसटलेला पक्षी त्या झाडाला विसरत नाही, निदान त्या महिन्यात तरी नाही. दोन आठवडे झाड रिकामे ठेवावे आणि आडोसा शेताच्या दुसऱ्या टोकाला न्यावा.

प्रत्येक खेपेला एकच गोष्ट बदलावी, एवढी शिस्त मात्र पाळावी. तोंडे फिरवली, एक डेकॉय काढला आणि आडोशावर छप्परही घातले, तर पक्षी का आले हे कळणार नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात तीच तक्रार परत उभी राहील. माझ्या वहीत एका पानावर चार रकाने आहेत: वारा, झाड, पक्षी किती अंतरावरून वळला, आणि त्यानंतर काय बदलले.

या वहीतली एक नोंद अशा डेकॉयची आहे जो मला परत काढता आला नाही. मागच्या वर्षी दोरी फांदीत अडकली, हिसका द्यायची हिंमत झाली नाही, आणि तो त्या वाळक्या ॲशच्या शेंड्याखाली, नैर्ऋत्येकडे तोंड करून तसाच राहिला. शेतकऱ्याला सांगितले, तो हसला. नैर्ऋत्येचा वारा असला की आता त्याच्या दोन्ही बाजूंना वुडपिजन येऊन बसतात. वारा उत्तरेकडून वाहू लागला की पन्नास-साठ मीटरवरून वळतात.